भरून दिलेला पियाला

मी कुणाला चहा भरून देत नाही. यात कंजूषपणा नाही, उलट मान आहे. पियाल्याच्या तळाशी थोडं दूध, त्यावर कडक चहा, त्यावर सामोवाराच्या तोटीचं उकळतं पाणी, आणि हे सगळं मिळून अर्ध्याला टेकलं की हात आवरायचा. मग पाहुण्याला पियाला पुन्हा पुन्हा पुढे करावा लागतो, घरच्या बाईला पुन्हा पुन्हा त्याच्याकडे बघावं लागतं, आणि तेवढा वेळ माणूस आपल्या चुलीपाशी टिकतो. ज्याच्या हाती काठोकाठ भरलेला पियाला आला त्यानं समजावं की आता उठायची वेळ झाली. आमच्याकडे हे लेकरांनासुद्धा शिकवावं लागत नाही.

तोर-आशूच्या खिंडीखाली, रस्ता शेवटचं वळण घेतो तिथे आमचं घर आहे. माझा नवरा जोलचू रस्त्यावरचं फाटक सांभाळतो. वादळ आलं की पाडायचं, ओसरलं की उचलायचं. अडकलेले ड्रायव्हर आमच्याच घरात बसतात, माझा पाव खातात, एकमेकांच्या टोप्या उडवतात आणि मला बुरुल एजे म्हणतात. एजे म्हणजे थोरली बहीण, पण माझ्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले म्हातारेही एजेच म्हणतात, त्याला काय करणार? गेल्या एकतीस हिवाळ्यांत आमच्या घराची एक रीतच पडून गेली आहे. फाटक उघडलं की जोलचू खिडकीवर टकटक करतो, आणि मी ओळीनं सगळ्यांना पियाले भरून देते. ते पितात, पालथे घालतात, बूट चढवून निघतात. कुणी विचारत नाही रस्ता सुटला का म्हणून. फोन एकवेळ खोटं बोलेल, एजेचा पियाला बोलणार नाही, असं ते म्हणतात, आणि मला त्याचा अभिमान होता हे कबूल करते.

त्या मंगळवारी सकाळी वादळ आलं ते सांगूनसवरून आलं. आदल्या दिवशीच डोंगराच्या धारेवरून बर्फाचा धूर उडत होता, आणि आमचा घोडा तबेल्यात पाय आपटत होता. आठ वाजता समोरचा तबेला दिसत होता, नऊ वाजता दिसेनासा झाला. जोलचूनं फाटक पाडलं आणि आत येऊन मिशीतला बर्फ झाडत खालच्या खबरी सांगितल्या. खोऱ्यातल्या तीन गावांची वीज गेली होती, पावाची गाडी अर्ध्या वाटेवरून परतली होती, नदीकाठच्या गोठ्यात कुणाच्या दोनशे मेंढ्या छपरासकट गाडल्या गेल्या होत्या. आमच्या अंगणात चार ट्रक उभे होते, आणि चौघे ड्रायव्हर गालिच्यावर चुलीभोवती बसले होते. वादळात माझं घर भरलेलं असलं की मला बरं वाटतं. माणसं आत आहेत, म्हणजे वर नाहीत.

त्यांतला कलमुरात आमचा जुना. पोट इतकं सुटलेलं की स्टिअरिंगला घासतं, आणि गाडीत कायम कांद्याच्या गोण्या. मी त्याच्या हाती पियाला दिला आणि पाव कापायला वळले, तर मागून तो म्हणाला, "एजे, एवढी घाई? तुमच्या पावाला अजून हात लावला नाही, आणि वाटेला लावता?"

सगळे हसले. मी वळून बघितलं तर त्याच्या हातात पियाला काठोकाठ भरलेला, इतका की तो हलवायलाही घाबरत होता. मीही हसले. म्हातारी झाले रे, म्हटलं, हाताला अंदाज राहिला नाही. अर्धा चहा सामोवाराखालच्या भांड्यात ओतून टाकला आणि त्याला परत दिला. ओतताना काहीतरी खटकलं होतं, पण काय ते तेव्हा कळलं नाही. बऱ्याच वेळानं, पीठ मळताना लक्षात आलं की त्या चहात दूध नव्हतं. आणि दूध तर मी सगळ्यांच्या पियाल्यांत आधीच घालून ठेवलं होतं.

दाराशी इशेन बसला होता. जुमगालचा, बटाटे नेणारा, हडकुळा आणि कमालीचा लाजाळू माणूस. त्याला मीठ हवं असलं तरी तो मागणार नाही, मिठाकडे बघत राहील. त्याला मी अर्धा पियाला दिला. हे मी शपथेवर सांगते, कारण देताना मुद्दाम बघितलं होतं. मग मी आतल्या खोलीत पीठ मळायला गेले. परत आले तेव्हा त्याची जागा रिकामी होती, पियाला पालथा घातलेला होता, आणि दाराशी त्याचे बूट नव्हते.

"इशेन कुठंय?" मी विचारलं.

"गेला," कलमुरात म्हणाला. "पियाला भरून दिलात ना त्याला. मी म्हटलं, आता माझा कधी येतो."

"मी त्याला अर्धा दिला होता."

कलमुरात पाव चावायचा थांबला. त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, तशा नजरेनं आपण आजारी माणसाकडे बघतो. "एजे," तो हळूच म्हणाला, "मी समोरच बसलो होतो."

मी अनवाणीच अंगणात धावले. बटाट्यांचा ट्रक नव्हता, चाकांच्या खुणाही अर्ध्या बुजल्या होत्या. जोलचू तेवढ्यात तबेल्यात घोड्याला गवत टाकायला गेला होता. इशेननं स्वतःच फाटक उचललं होतं, आणि पलीकडे गेल्यावर खाली उतरून ते पुन्हा नीट पाडूनही ठेवलं होतं. इतका सज्जन माणूस. जोलचूला मी एवढंच सांगितलं की इशेनचा काहीतरी गैरसमज झाला.

दुपारी बाराच्या सुमाराला इशेनचा फोन आला. वरून घसरणारा बर्फ रस्त्यावर पडू नये म्हणून खिंडीच्या वाटेवर सिमेंटच्या चार छपऱ्या बांधल्या आहेत; त्यांतल्या दुसऱ्या छपरीखाली तो अडकला होता. छपरीची दोन्ही तोंडं बर्फानं बुजली होती, दरीकडची बाजू तेवढी उघडी होती. ट्रक शाबूत होता, इंजिन चालू होतं, डिझेल संध्याकाळपर्यंत पुरेल म्हणाला, आणि आम्हाला त्रास दिल्याबद्दल दोनदा माफी मागून त्यानं फोन ठेवला.

बर्फ लोटायचं यंत्र माझा मुलगा चालवतो. सुयुन. पंचवीस वर्षांचा आहे, आणि आम्हा दोघांना तेवढाच. रस्त्याच्या कचेरीतून त्याला सांगण्यात आलं की वारा पडल्याशिवाय वर चढू नकोस, पण कधी निघायचं ते तुझ्या डोळ्यांनी बघून तूच ठरव. तो हात पुसत आत आला, खिडकीशी उभा राहिला, आणि त्याचं तोंड बघूनच मला कळलं की त्याचं अर्धं मन कधीच वर गेलंय. मला भीती वादळाची नव्हती. वादळं मी पुष्कळ पाहिली आहेत. भीती त्या दुसऱ्या छपरीची होती.

नऊ वर्षांपूर्वी मे महिन्यात, बर्फ वितळल्यावर, त्याच छपरीच्या तोंडाशी माझा दीर तोलोगोन सापडला होता. जोलचूचा धाकटा भाऊ. ट्रक चालवायचा, गाणी म्हणायचा, दहा जणांना हसवायचा, आणि मला मुळीच आवडायचा नाही. कारण सुयुन त्याच्यामागे वेडा झाला होता. मला मुलाला शहरात पाठवून शिकवायचं होतं, आणि हा त्याला सांगायचा की शाळेत काय आहे, माझ्याबरोबर चल, जग दाखवतो. त्या फेब्रुवारीत वादळामुळे तो चार दिवस आमच्याकडे अडकला होता. चौथ्या दिवशी सकाळी जोलचू फाटकावर असताना तोलोगोन मला म्हणाला, "वहिनी, रस्ता सुटला की पोराला घेऊन जातो." माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाहेर वारा किंचाळत होता, फाटक पाडलेलं होतं, आणि मी त्याला पियाला काठोकाठ भरून दिला.

तो चहा कोराच प्यायचा. दूध त्याला चालत नसे.

त्यानं पियाल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. रस्ता सुटलेला नाही हे त्यालाही ठाऊक होतं, आणि या घरातून आपल्याला बाहेर काढलं जातंय हेही त्याला समजलं. त्यानं चहा संपवला, पियाला पालथा घातला, खुंटीवरची लोकरी टोपी काढून डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "चहा छान होता, वहिनी." पुढे सगळे म्हणत राहिले की तोलोगोन हट्टी होता, कुणाचं ऐकायचा नाही. मीही मान डोलावली. नऊ वर्षं मी मान डोलावते आहे, आणि जोलचू दर वर्षी भावाच्या नावानं पाव वाटतो, तो मीच भाजते.

आणि आता माझ्या हातून कोरे, भरलेले पियाले जात होते.

मी परीक्षा घ्यायची ठरवली. खरं सांगायचं तर पाचावर धारण बसली होती, पण बसून राहण्यापेक्षा काहीतरी करणं बरं. आतल्या खोलीत एकटीनं पियाला घेतला, दूध घातलं, अर्धा चहा ओतला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून त्याच्यावर डोळे रोखून उभी राहिले. अर्धा होता. अर्धाच राहिला. चहावर साय धरली, वाफ विरली, तरी अर्धाच. मग वाऱ्यानं छपराचा पत्रा उचलून आपटला आणि माझी नजर क्षणभर वर गेली. पुन्हा खाली बघितलं तेव्हा पियाला काठापर्यंत भरलेला होता, काळाभोर, आणि त्याच्यातून वाफ निघत होती.

मी तो खिडकीतून बाहेर ओतला. ओतताना माझे हात बघितले. माझेच होते.

बाहेर आले तर सुयुन कोट चढवून उभा. मी त्याच्या बाहीला धरलं, सगळ्यांच्या देखत. म्हटलं, इशेनकडे डिझेल आहे, छप्पर आहे, तो संध्याकाळपर्यंत मरत नाही. वारा पडू दे, मग जा. तो हसला. माझा मुलगा हसतो तेव्हा काकासारखा दिसतो, हे मी आजवर कुणाला बोलून दाखवलेलं नाही. "बरं बाई, बसतो," तो म्हणाला. "तू पियाला भरून दिल्याशिवाय उठणार नाही. झालं समाधान?"

ड्रायव्हर हसले.

मी चहादाणी उचलून कलमुरातच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, माझी बोटं आखडली आहेत, आज तू वाढ. एवढ्या मोठ्या बाप्यानं चहा ओतायचा म्हणून बाकीच्यांनी त्याची यथेच्छ टर उडवली, कुणी त्याला सूनबाई म्हणालं, कुणी डोक्याला रुमाल बांधायला दिला. त्यानं रुमाल बांधलासुद्धा. पण तो नीट ओतत होता. आधी दूध, मग चहा, अर्ध्यावर हात आवरलेला. मी सुयुनच्या समोर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, आणि त्याच्या पियाल्यावरून नजर काढली नाही. तास गेला. सुयुननं तीनदा पियाला पुढे केला, तीनदा अर्धा परत आला. बाकीचे ड्रायव्हर एकेक करून भिंतीला टेकले आणि पेंगायला लागले. कलमुरात रुमाल बांधलेल्या अवस्थेतच घोरत होता.

"आई," सुयुन खालच्या आवाजात म्हणाला, "तू कशाला घाबरतेस ते मला कळतंय. काकाची आठवण येते ना?"

आणि मी बोलून गेले. नऊ वर्षं दातांमागे धरलेलं सगळं मी माझ्या मुलाला सांगितलं, जसं घडलं तसं, स्वतःची बाजू न घेता. तू त्याच्याबरोबर जाशील म्हणून त्याला हाकललं. रस्ता बंद आहे हे माहीत असून हाकललं. पियाला मी माझ्या या हातांनी भरला. सांगताना मी रडत नव्हते, पण आवाज माझा वाटत नव्हता. एवढं बोलतानाही माझी नजर पियाल्यावरच होती.

सुयुननं झोपलेल्या ड्रायव्हरांकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाला, "मी जागा होतो त्या सकाळी. गोधडीतून बघत होतो."

"मग तुला माहीत होतं?"

"आई, तू अर्धाच दिला होतास."

मी त्याच्याकडे बघितलं.

"तू अर्धा ओतलास, चहादाणी जोरात आपटलीस आणि तोंड फिरवून पावाकडे गेलीस. काका पियाला हातात घेऊन बसला होता. मी बघत होतो आणि पियाला भरत गेला. मला वाटलं, मी झोपेत आहे. म्हणून कुणाला बोललो नाही."

माझ्या छातीवरचा नऊ वर्षांचा धोंडा सरकला, आणि त्याच्या खाली काय होतं ते त्याच क्षणी दिसलं. माझा राग नव्हता तर मग कुणाचा? तोलोगोनच्या आधी याच चुलीपाशी बसून किती जण चहा छान होता म्हणून उठून गेले आणि पुन्हा दिसले नाहीत, ते मला आठवायला लागलं, आणि मी ते आठवणं थांबवलं. हे सगळं होईपर्यंत मी मुलाच्या तोंडाकडेच बघत होते. पियाल्याकडे नव्हते.

सुयुनची नजर आधी खाली गेली. मग माझी. गालिच्यावरच्या कापडावर, त्याच्या गुडघ्यासमोर, पियाला काठोकाठ भरलेला होता. काळा. वाफाळता. चहादाणी कलमुरातच्या पलीकडे होती आणि कलमुरात घोरत होता.

बाहेर वारा तसाच होता. सुयुनच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, याचंच मला फार वाईट वाटलं. पाहुण्यांनी भरलेल्या घरात रीतभात शिकलेल्या मुलासारखे त्यानं पियाला घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

मी विचार केला नाही. आजही विचारलं तर सांगता येणार नाही की तेव्हा मनात काय होतं. त्याच्या हातांच्या आधी माझे हात गेले. पियाला उचलला आणि एका दमात प्यायले, जीभ भाजली, घसा भाजला, तरी थेंब ठेवला नाही. जळलेल्या लाकडासारखा कडू होता. रिकामा पियाला मी माझ्यासमोर पालथा घातला. कलमुरातचं घोरणं तेवढं ऐकू येत होतं, आणि त्याच्यावरून मला समजलं की वारा पडला आहे.

अडीच वाजता सुयुन यंत्र घेऊन वर गेला आणि उजेड असतानाच इशेनला घेऊन परत आला. दोघेही धडधाकट. मी दारातच मुलाला इतकं घट्ट धरलं की ड्रायव्हरांनी माना वळवल्या. इशेन माझ्यासमोर टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि तिसऱ्यांदा माफी मागितली. म्हणाला, तुम्ही आतल्या खोलीत होतात, मी विचारायला हवं होतं, पण पियाला भरला म्हणून मी उठलो. रात्री जोलचूनं मेंढी कापली. इतक्या आनंदानं मी फार वर्षांत जेवले नव्हते.

त्याला आता तीन आठवडे झाले. तेव्हापासून कुणाचा पियाला भरलेला नाही. मी पहिल्यासारखी चहा देते, अर्ध्याचा अर्धाच राहतो, दूध दुधाच्या जागी असतं. फक्त सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी मी माझा ओतून घेते, तो मात्र बघेपर्यंत काळा होतो आणि काठाला येतो. मी गपचूप उठते आणि मागच्या दारानं बर्फात फेकून येते. दिवसातून चार-पाच वेळा. मागच्या दारापासून डोंगराच्या दिशेनं आता एक पाऊलवाट तयार झाली आहे. चहा फेकायला इतक्या लांब कशाला जावं लागतं, असं जोलचू विचारत होता, आणि मला तर वाटत होतं, मी दारापाशीच फेकून येते.

आज पहाटेपासून पुन्हा वारा सुटलाय. फाटक पाडलंय, अंगणात दोन ट्रक आहेत, आणि धारेवरून धूर उडतोय. मी चुलीपाशी पीठ मळत होते. निदान मला तसंच वाटत होतं.

"आई," सुयुन म्हणाला, "एवढ्या वादळात कुठे निघालीस?"

मी खाली बघितलं. माझ्या पायांत बूट होते.